काटकसर की कंजूषपणा?

प्रश्न: मी खर्च जपून करते तर घरात सगळे मला कंजूष म्हणतात, मी म्हणते ही काटकसर आहे. दोन्हीचा अर्थ एकच का हो? आणि 'पै पै साठवली' मधली पै म्हणजे पैसाच ना?

उत्तर: ताई, अर्थ एक नाही, पण गंमत अशी की काटकसर नेहमी आपण करतो आणि कंजूषपणा नेहमी दुसरा करतो. स्वतःहून स्वतःला कंजूष म्हणवणारा विरळाच. आता शब्द बघा, 'काट' म्हणजे कापणं, काटछाटमधला तोच, आणि 'कसर' मूळ अरबी, तिकडे अर्थ तुटणं, अपूर्णांक असा, त्यावरून आपल्याकडे उणीव, म्हणून तर 'कसर राहिली', 'कसर भरून काढली' म्हणतो. म्हणजे खर्च थोडा कापायचा, कमीत भागवायचं, पण भागवायचं हे नक्की. कंजूष माणूस पैसे असूनही गरजेलासुद्धा हात सैल सोडत नाही. म्हणून 'काटकसरीने संसार केला' हे कौतुक वाटतं आणि त्याच जागी कंजूषपणा घातला की तक्रार होते.

वापरात अजून एक फरक आहे तो मला जास्त आवडतो. पाणी, वीज, कागद काटकसरीने वापरा म्हणतात, कंजूषपणाने वापरा असं कुणीच म्हणत नाही. उलट 'कौतुक करायला कंजूषी कशाला' असं म्हणतो, तिथे काटकसर चालतच नाही, कारण कौतुक काही संपत नाही, न संपणारं द्यायलाही हात आखडला तर ती कंजूषीच. चिक्कू, चिकट, कवडीचुंबक हे सगळे कंजूषच्या पार्टीतले, काटकसरी माणसाला चिडवायला आपल्याकडे वेगळा शब्दच नाही, त्यामुळे लोक हेच त्याच्या माथी मारतात! तुमचं तेच झालंय बहुतेक.

पै म्हणजे पैसा नाही, त्याहून लहान. जुन्या हिशोबात 3 पै चा 1 पैसा, 4 पैशांचा 1 आणा, 16 आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयात 192 पै. 1957 ला दशमान पद्धत आली, रुपयाचे 100 नवे पैसे झाले आणि पै हिशोबातून गेली ती फक्त बोलण्यात उरली. आणि हो, पै स्त्रीलिंगी आहे, तेव्हा 'पै न् पै जमवली' हेच बरोबर, 'जमवला' नको.