अमळनेर भागात दोन एकर चिया लावावा का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं आहे: अमळनेरजवळ दोन एकर काळी जमीन, ठिबक आहे. कुणीतरी चियाचं (सब्जासारखं बारीक, खायचं बी) बियाणं आणून दिलंय आणि 'माल आम्हीच परत घेऊ' असं तोंडी सांगितलंय. तेव्हा हे परदेशी पीक लावावं का, आणि उद्या ते गाजर गवतासारखं मानगुटीवर बसेल का? मी चोपडा तालुक्यात शेती करतो. शेजारच्या बांधाला चिया उभा राहिलेला पाहिलाय आणि त्याच्या मळणीलाही हात लावलाय, म्हणून लिहितो.

आधी गाजर गवताचा विषय मिटवू. ते पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याला ओल मिळाली की महिना कुठलाही असो, ते उगवतं. चियाचं तसं नाही. सांडलेलं बी पुढच्या पावसाला थोडंफार उगवतं, वखराच्या पाळीत निघून जातं. आणि परदेशी म्हणाल तर मिरची, मका, भुईमूग हेही अमेरिका खंडातूनच आलेत. मेक्सिको-ग्वाटेमालाचा चिया त्यांच्याच गावचा पाहुणा. तुळशीच्या कुळातलं वर्षायू झाड आहे, मंजिरीसारखाच तुरा येतो, फूल निळं-जांभळं. मधमाश्या भरपूर येतात. पानाला उग्र वास असल्यामुळे गुरं, डुकरं, रोही (नीलगाय) तोंड लावत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांचा हरभरा रानडुकरं लोळवून जातात, त्यांना एवढ्या एका गुणापायी चिया पटतो.

पण जनावर तोंड लावत नाही म्हणजे तुमची बैलजोडीही लावत नाही. दादर (रब्बी ज्वारी) पेरली तर कडबा मिळतो, हरभऱ्याचं कुटार मिळतं, चियाच्या काड्या मात्र जाळायच्या नाहीतर कुजवायच्या. घरी दोन म्हशी असतील तर हा हिशोब कागदावर धरा. बियाणं देणारा तो कधीच धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते चिया येईल का, हा प्रश्नच नाही, येतो. रान कधी मोकळं होतं आणि माल कोण उचलतो, हे दोन प्रश्न आहेत.

चियाला फूल येण्यासाठी दिवस लहान व्हावा लागतो. जूनमध्ये पेरला तर तो नुसता उंच वाढत राहतो आणि दिवस लहान झाल्याशिवाय तुऱ्यावर येत नाही. म्हणून पेरणी ऑक्टोबरची, फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पीक साडेतीन-चार महिन्यांचं. तुमच्या दोन एकरांत कपाशी उभी असेल तर विषय तिथेच संपला, कारण ऑक्टोबरात कपाशीची वेचणी ऐन भरात असते. डिसेंबरात पऱ्हाटी उपटून चिया टाकला तर दाणा भरायची वेळ मार्चच्या उन्हात येते, आणि आपल्याकडचा मार्च कसा असतो ते भुसावळच्या बाजूला सोयरिक असलेल्याला सांगायला नको. उडीद, मूग किंवा सोयाबीन निघालेलं रान असेल तरच पुढचं वाचा.

बी अगदी बारीक. हजार दाणे सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतात. एकरी किलो-दीड किलो पुरतं, म्हणून ते कोरड्या बारीक वाळूत कालवून पेरतात आणि वर मातीचा नुसता हात फिरवतात. काळ्या रानात पेरून पाटपाणी दिलं की वर पापडी धरते, कोंब खालीच गुदमरतो. शेजाऱ्याच्या रानात पाणी तुंबलेल्या सऱ्यांमध्ये पट्टेच्या पट्टे रिकामे राहिले होते आणि जिथे तुषार संच फिरला तिथे हिरवं दाट. तुमचं ठिबक पुढे कामाला येईल, पण उगवणीपुरता तुषार संच भाड्याने आणावा लागेल. पहिला महिना रोप मुंगीच्या पावलाने वाढतं आणि तेवढ्यात चाकवत, गाजर गवत त्याच्या डोक्यावर जातात. रुंद पानाचं तण मारणारं औषध चियाही मारतं, तोही रुंद पानाचाच. म्हणजे निंदणी, आणि ती ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा बाया मिळत नाहीत.

काढणीच्या वेळी अवकाळीची धास्ती. ग्लासात चमचाभर चिया टाकून पाहा, थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत कवच येतं. तुऱ्यातल्या पिकल्या दाण्याचं पावसात तेच होतं आणि वाळल्यावर गठ्ठे बनतात. असा माल व्यापारी बाजूला काढतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीने गहू-हरभऱ्याला किती रडवलंय ते तुम्ही जाणताच. थंडीचं म्हणाल तर अमळनेरला भीती कमी. पण सातपुड्यात वर डाब, तोरणमाळच्या बाजूला दव गोठतं, तिथल्या कुणी हे वाचत असेल तर लावू नका.

ग्लासाची हीच परीक्षा बियाण्यालाही लावा, चिया म्हणून सब्जा तर दिला नाही ना ते कळेल. सब्जा काळाभोर असतो आणि बघता बघता फुगतो. चिया करडा, त्यावर पांढऱ्या-काळ्या रेघोट्या, आणि जरा सावकाश फुगतो.

बाजार: चियाला हमीभाव नाही. मध्य प्रदेशातली नीमचची मंडी औषधी मालाची जुनी पेठ, तिथे चिया विकला जातो. वाशीम जिल्ह्यात अलीकडे क्षेत्र बरंच वाढलंय आणि तिथल्या बाजार समितीतही खरेदी होते. दोन्ही ठिकाणं तुम्हाला लांब. दोन एकरांत आठ-दहा क्विंटल धरले (तेही पीक जमलं तर), तर तेवढ्यासाठी गाडी परवडत नाही. चार जण मिळून लावलं तरच. 'आम्हीच परत घेऊ' हे तोंडी वाक्य तर मी ऐकलंच नाही असं समजून चालतो. आमच्याकडे असंच सांगून गेलेल्या माणसाचा फोन मळणीनंतर लागेना. कागदावर दर, ओलावा किती चालेल, कचऱ्याची कपात किती, पैसे किती दिवसांत, हे लिहून सही करून देत असेल तर बोला. बियाण्याचे पैसे आगाऊ आणि कराराला टाळाटाळ, म्हणजे त्याचा धंदा बियाणं विकायचा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर पावणेदोन एकर हरभरा आणि दहा गुंठे चिया. दहा गुंठ्यांचा माल घरात, सोयऱ्याधायऱ्यांत आणि जळगावच्या सुकामेवावाल्यांकडे सुटा खपतो. आणि नुसतं तब्येतीसाठी हवं असेल तर बांधाला जवस टाका, ओमेगा-३ त्यातही भरपूर असतं आणि चटणी आपल्या घरात आधीपासून होते.

लावलाच तर मळणी ताडपत्रीवर करा आणि गोणीच्या आत प्लास्टिकची पिशवी घाला. साध्या बारदानाच्या शिवणीतून हा दाणा पाण्यासारखा गळतो. वाशीमच्या बाजार समितीला मात्र पेरणीच्या आधीच फोन करून चालू दर विचारून घ्या.