सहा वर्षांचा मुलगा पेन्सिल मुठीत धरतो. बोटांना वळण लागावं म्हणून घरी कोणती हस्तकला करून घ्यावी?

चार ओळी लिहिल्या की त्याचा हात दुखतो, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं लहान वर्गांना हस्तकला शिकवते, आणि अशी दोन-तीन मुलं दरवर्षी असतातच. या वयात मनगटाची हाडंही पूर्ण तयार झालेली नसतात, त्यामुळे तो आळशीपणा करतोय असं आधीच ठरवू नका.

सुरुवात कागद फाडण्यापासून करा. ऐकायला फालतू वाटतं, पण नवखं मूल कागद दोन मुठींत धरून ओढतं आणि कागद नुसता चुरगळतो. त्याला दोन्ही अंगठ्यांची नखं एकमेकांना टेकवून कागदाची कड चिमटीत धरायला सांगा. मग एक हात स्वतःकडे, दुसरा पलीकडे. पेन्सिलीला लागते तीच ही चिमूट. आधी लांब पट्ट्या, मग कपटे, मग त्या कपट्यांचे बोळे, पण बोळे एकाच हाताच्या बोटांनी वळायचे, तळहातावर चोळून नाही. हे बोळे एखाद्या मोठ्या चित्रात चिकटवले की अर्धा तास सहज जातो.

कात्री त्यानंतर. पट्टी बोटभर रुंद आणि जाडसर कागदाची द्या, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. सरळ रेघ जमली की वळणं. अंगठा वर हवा, कोपर अंगाजवळ. अनामिका आणि करंगळी सुटी फडफडत असतील तर त्यांच्याखाली एक बोळा दाबून धरायला लावा. खाली पडला की तोच हसतो आणि परत धरतो. मूल डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री घ्या. साध्या कात्रीत त्याला कापायची रेघ पात्याआड जाते आणि आपण मात्र त्यालाच बोलतो.

मणी ओवणं, कपड्यांच्या चिमट्यांनी कापूस उचलणं, मातकाम, हे सगळं चांगलंच. मणी ओवायला आधी ताठ तार द्या, लुळा दोरा नंतर. रंगवायला खडूचे तुकडे द्या, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे. एवढासा खडू मुठीत धरताच येत नाही. कागद भिंतीला चिकटवलात तर मनगट आपोआप मागे वळतं, ते लिहिताना उपयोगी पडतं.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. त्याचा हात धरून करून घेऊ नका आणि वाकडं चिकटलेलं नंतर गुपचूप सरळही करू नका. मी एकदा केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "बाई, हे माझं नाहीये."

दोन-तीन महिन्यांनीही हात तसाच दुखत असेल, किंवा बटण लावणं, चेन ओढणंही जड जात असेल, तर एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं हाताला जमावीत म्हणून व्यायाम आणि सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवून घ्या.