भाकरी सुरू केली, तरी साखर तिथेच का?

वाचकांचे प्रश्न : आहार आणि आरोग्य

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ७९ किलो आहे. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप) ६.१ आले. डॉक्टरांनी ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात’ असे सांगून वजन उतरवण्याचा आणि आहारात फायबर वाढवण्याचा सल्ला दिला. तेव्हापासून मी फुलके बंद करून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खातो आणि रात्री झोपताना इसबगोल घेतो. भात-वरण पूर्वीप्रमाणेच चालू आहे. आता साखर ११० आली आणि वजन मात्र एक किलोने वाढले. फायबरने साखर खरोखर कमी होते का?

उत्तर : होते, परंतु ते फायबर ताटात कशाच्या जागी आले आणि जेवणाच्या कोणत्या वेळी पोटात गेले, यावर बरेच अवलंबून असते. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २८ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला योग्यच होता. अडचण त्याच्या अंमलबजावणीत आहे.

प्रथम भाकरीविषयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम फायबर असते, बाजरी व नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास, आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठातही ११ ग्रॅमच. म्हणजे न चाळलेल्या कणकेचे फुलके सोडून भाकरी धरल्याने फायबरचा म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. मैदा आणि पांढरा तांदूळ यांत मात्र ते तीन ग्रॅमही नसते. बदल करायचा होता तो तिथे, आणि तिथेच तो झालेला नाही. आता घरातल्या वजनकाट्यावर एक भाकरी होईल एवढे कोरडे पीठ मोजून पाहा. मध्यम भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते, तर लहान फुलक्याला २५ ग्रॅम. पूर्वी एका जेवणात तीन फुलके खात असाल आणि आता दोन भाकऱ्या खात असाल, तर पीठ ७५ ग्रॅमवरून १२० ग्रॅमवर गेले. त्याबरोबर पिष्टमय पदार्थही दीडपटीहून अधिक झाले. भाकरी पौष्टिक आहे यात वाद नाही, पण ती मोजायची नसते असा आपल्याकडे एक समज रूढ झाला आहे आणि माझ्या मते वजन वाढण्याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

दुसरी गोष्ट इसबगोलाची. इसबगोल, ओट्स, सातू (जव), मेथीदाणे यांतील विद्राव्य फायबर पाण्यात फुगून बुळबुळीत, दाट होते. ते अन्नात मिसळले की जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो आणि आतड्यातून साखर रक्तात हळूहळू शोषली जाते, म्हणून जेवणानंतरचा साखरेचा चढ कमी राहतो. गवारीच्या बियांपासून काढलेल्या डिंकावर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून हा परिणाम मुख्यतः त्या दाटपणाचाच असल्याचे पुढे आले. (गवारीच्या कोवळ्या शेंगांची भाजी म्हणजे तो डिंक नव्हे, पण भाजी म्हणून ती उत्तमच.) हे सारे घडायचे तर फायबर जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या किंचित आधी पोटात असायला हवे. जेवून दोन-तीन तास झाल्यावर झोपताना घेतलेल्या इसबगोलाने सकाळी पोट साफ होईल, साखरेच्या बाबतीत मात्र त्याला अडवायला फारसे काही उरलेले नसते. शिवाय साखर जितकी अधिक बिघडलेली, तितका इसबगोलाचा परिणाम मोठा दिसतो. उंबरठ्यावरच्या व्यक्तीने त्याच्याकडून माफक अपेक्षा ठेवावी.

तिसरे म्हणजे आपण मोजली ती उपाशीपोटीची साखर. रात्रभर यकृत रक्तात जी साखर सोडत असते तिच्यावर सकाळचा आकडा मुख्यतः ठरतो, आणि यकृतात व पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिनचा यकृतावरचा लगाम सैल पडतो. जेवणातल्या फायबरचा प्रत्यक्ष परिणाम जेवणानंतरच्या साखरेवर आधी दिसतो. उपाशीपोटीची साखर उतरायला वजन उतरावे लागते. म्हणून पुढच्या वेळी जेवणानंतर दोन तासांची साखरही तपासून घ्या.

आपल्यासारख्या व्यक्तींसाठी सर्वांत बोलका पुरावा फिनलंडमधला आहे. वजन जास्त असलेल्या आणि साखर उंबरठ्यावर असलेल्या ५२२ मध्यमवयीन स्त्री-पुरुषांचा हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. मार्गदर्शन मिळालेल्या गटापुढे पाच उद्दिष्टे होती : वजनात किमान पाच टक्के घट, आहारातील एकूण चरबीवर मर्यादा, संपृक्त (तूप-लोण्यातल्यासारख्या) चरबीवर मर्यादा, दर १००० कॅलरींमागे १५ ग्रॅम फायबर, आणि नियमित व्यायाम. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. फायबर त्या पाचांपैकी एक होते, एकटे नव्हते. आपल्या बाबतीत वजनाचे उद्दिष्ट म्हणजे सुमारे चार किलो.

आता ताटाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम फायबर, तेही अन्नातून, घ्यायला सांगते. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा सर्वांत मोठा साठा धान्यात नसून कडधान्यांत आहे. १०० ग्रॅम अख्ख्या मुगात सुमारे १७ ग्रॅम आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम फायबर असते, तर तूरडाळीत नऊच्या आसपास. त्यामुळे दुपारी दोनऐवजी एक भाकरी, भात दोन-तीन घास आणि त्या मोकळ्या जागेत मटकीची, मुगाची किंवा हरभऱ्याची वाटीभर उसळ, असा बदल करा. उसळीवर फरसाण पसरून तिची मिसळ केली, तर हिशेब पुन्हा बिघडेल. पालेभाजी व कोशिंबीर रोज असावी. काकडी कोवळी असेल तर साल काढू नये. अमेरिकेत डॅलस येथे टाइप २ मधुमेहाच्या १३ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फायबर रोज २४ ग्रॅमवरून ५० ग्रॅमवर नेले, तेव्हा सहा आठवड्यांत दिवसभरातील साखरेची एकूण पातळी सुमारे दहा टक्क्यांनी खाली आली, आणि हे सारे फायबर नेहमीच्या भाज्या, फळे व धान्यांतून घेतलेले होते, कुठल्याही पावडरीतून नव्हे.

जेवणाचा क्रमही बदलून पाहा. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा घेण्याची रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये लठ्ठपणा व मधुमेह असलेल्या ११ व्यक्तींवर केलेल्या, २०१५ सालच्या एका छोट्या अभ्यासात भाज्या व प्रथिने आधी आणि पाव व फळांचा रस शेवटी दिला असता, तेच जेवण उलट क्रमाने दिल्याच्या तुलनेत एका तासानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी आढळली. अभ्यास लहान आहे, पण करून पाहण्यात खर्च काहीच नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी-भाजी, भात शेवटी.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वजनही जास्त आहे. कडधान्ये खाल्ली की पोट फुगते, म्हणून इसबगोल सुरू करावे असे वाटते. मी मधुमेहाची आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. इसबगोल कधी घ्यावे? (एक वाचक भगिनी)

उत्तर : थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत तीन-चार तासांचे अंतर ठेवा, कारण फायबरमुळे त्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. दुपारच्या जेवणाआधी एक लहान चमचा, मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच घ्यावे. ते कोरडे किंवा अपुऱ्या पाण्याबरोबर घेतल्यास घशात अडकू शकते. गिळायला त्रास होत असेल किंवा पूर्वी आतड्यात अडथळा झाला असेल, तर ते घेऊच नये. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडसारखी, म्हणजे शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावणारी आणि त्यामुळे साखर प्रमाणाबाहेर उतरवू शकणारी गोळी चालू असेल, तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना कळवा आणि काही दिवस घरी साखर तपासत राहा. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

कडधान्ये मात्र सोडू नका. पोट फुगते ते बहुधा एकदम वाढवल्यामुळे. पहिल्या आठवड्यात दोन मोठे चमचे उसळ, तीही सालीच्या मुगाची, इथपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वाढवावी. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावे, मोड आणावेत आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावे. वाल, राजमा आणि छोले शेवटी आणावेत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर कडधान्यांतील पोटॅशियममुळे त्यांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे लागेल.