नवखा घोडा आणि ४० किलोमीटर: 'फिट आहे' एवढ्यावर जाऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. स्वतःची घोडी लंगडतेय, ४० किलोमीटरची एंड्युरन्स स्पर्धा (लांब पल्ल्याची घोडेस्वारी) तीन आठवड्यांवर, एन्ट्री फी भरून झालीय, क्लबने बदली म्हणून पाच वर्षांचा घोडा देऊ केलाय जो आजवर अरीनाबाहेर (कुंपणातल्या सरावाच्या मैदानाबाहेर) पडलेला नाही, आणि आयोजक म्हणतात कागद नीट असतील तर घोडा बदलायला हरकत नाही. जावं की माघार घ्यावी, असा प्रश्न, शिवाय नालांचंही विचारलंय. खाली 'बिनधास्त जा' आणि 'हेल्मेट घाला' अशी बरीच उत्तरं आलीत. हेल्मेट, बूट, मांड वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मला सांगायचंय ते क्लबच्या ऑफिसबद्दल. माझी वाट लागली ती तिथे, घोडीपायी नाही.

मीही ४० किलोमीटरलाच नाव दिलं होतं आणि ऐनवेळी माझ्या घोड्याच्या खुरात पू झाला. एका संस्थेच्या तबेल्यातून (नाव घेत नाही, विचारूही नका) बदली घोडी मिळाली. कुमैत (तांबूस-तपकिरी), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं), कान असे वळलेले की टोकाला टोक भिडावं. दिसायला लाखात एक. मी ऑफिसात विचारलं, ही बाहेर रपेटीला गेलीय का? उत्तर आलं, "मॅडम, घोडी एकदम फिट आहे." पाण्यातून गेलीय का? "सर्टिफिकेट देतो ना आम्ही." सोबतचे घोडे पुढे निघून गेले तर एकटी राहते का? "डॉक्टरांनी कालच बघितलीय." प्रश्न कुठलाही असो, उत्तर तेच. बरं, खोटं काहीच नव्हतं. घोडी खरोखर फिट होती. हृदय, फुप्फुसं, पाय, सगळं उत्तम. पण तिने आयुष्यात काय काय पाहिलंय हे कुठल्याच सर्टिफिकेटवर लिहीत नाहीत, आणि स्पर्धेत अडतं ते नेमकं तिथेच.

मग मी म्हटलं, ठीक आहे, आठवडाभर रोज बाहेर काढते, ओळख होईल. तर म्हणे आवाराबाहेर काढायची परवानगी नाही, विम्यात बसत नाही. अर्ज करा. अर्ज केला. सही करणारे साहेब गावाला. साहेब आले तर ग्लँडर्सचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाचा) रिपोर्ट यायचाय, तोवर घोडी हलवता येणार नाही. हेही मान्य, रोगाच्या बाबतीत चालढकल नकोच. पण त्याच आठवड्यात तीच घोडी शेजारच्या सोसायटीत कुणाच्या तरी वाढदिवसाला पोरांना फिरवत होती, फुगे बांधून! फोटो मला मैत्रिणीने पाठवला. तो ऑफिसात दाखवला तर, "ते वेगळं खातं बघतं." यावर काय बोलणार? शेवटी घोडी माझ्या हातात आली ती स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, टेम्पोतून उतरताना. फी, टेम्पोभाडं, रजा यांचं मला एवढं वाटलं नाही. तो ओळखीचा आठवडा गेला, ते मात्र आजही डोक्यातून जात नाही.

खरी माहिती मिळाली ती रात्री, तिच्या सईसकडून, म्हणजे तिची निगा राखणाऱ्या मामांकडून. अगाडी-पिछाडी बांधता बांधता मामा सहज म्हणाले, "ताई, हिला वाजपापासून लांब ठेवा बरं का. सारंगखेड्याहून आणलीय, नाचाची घोडी आहे." सारंगखेड्याचा बाजार तुम्हाला माहीत असेलच, दत्तजयंतीला तापीकाठी भरतो, आणि तिथे नाचणाऱ्या घोड्यांना मोठा भाव असतो. ऑफिसमधल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. मामांनी मग सगळंच सांगितलं: आल्यापासून आवाराबाहेर गेली ती फक्त टेम्पोतून, परक्या बादलीतलं पाणी पीत नाही, शेजारचा घोडा हलला की खिंकाळून जीव काढते. एवढं सगळं पाच मिनिटांत. म्हणून पहिला सल्ला: आजच तबेल्यात जा आणि सईसबरोबर चहा प्या. ऑफिसला फोन करत बसू नका. आणि 'घोडा कसा आहे' असं मोघम विचारू नका, 'याने आजवर काय केलेलं नाही' असं विचारा.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगते. सुरुवातीला सगळे घोडे बरोबर होते तोवर ही कौतुकाने चालली. घोळका फुटला, पुढचे दिसेनासे झाले आणि हिचं खिंकाळणं सुरू. मग आला ओढा. पाणी घोट्याएवढं, पण तिने खाली बघून असा काही फुरका मारला की जणू विहीरच आहे. तीनदा गर्रकन मागे फिरली. उतरून लगाम धरून नेली तेव्हा कुठे आली, तीही चालत नाही, उडी मारून. (इथे एक सांगते: पाण्यातून हाताने नेताना घोड्याच्या नाकासमोर उभं राहू नका, बाजूला राहा, तो थेट अंगावर उडी घेतो. पायी चालवायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते, सुरुवातीची आणि शेवटची रेघ मात्र बसूनच ओलांडायची.) ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कुणाच्या तरी हळदीची हलगी कडाडत होती. झालं! घोडीने मान कमानीसारखी वाकवली आणि पुढचे पाय आळीपाळीने छातीपर्यंत उचलत जागच्या जागी ठेका धरला. मी टाच मारली, पाय आणखी वर. लगाम आवरला, त्याहून वर. नाचवायच्या खुणा नेमक्या त्याच, तिची काय चूक? तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) कडेने पांढरा फेस जमला होता. वस्तीवरची पोरं खूश, आणि एका आजोबांनी वीसची नोट माझ्यावरून ओवाळून हलगीवाल्याच्या हातात ठेवली. आता हसू येतं. तेव्हा रडायची वेळ आली होती.

व्हेट गेटला, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीच्या थांब्यावर, पुढचा अंक. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) नियमांत तिथे नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावी लागते. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धा आपापले आकडे आणि वेळा ठरवतात, त्यामुळे तुमची नियमावली नीट वाचा. निरोगी घोड्याची विश्रांतीतली नाडी साधारण ३० ते ४० च्या घरात असते. आमची घोडी दमली नव्हतीच, निम्मा वेळ तर नाचण्यात गेला होता! तरी नाडी सत्तरच्या खाली येईना, कारण आजूबाजूचे घोडे निघून चालले होते आणि ती त्यांच्या दिशेने बघत थरथरत होती. नवख्या घोड्याची नाडी भीतीनेही चढते, आणि ती भीती तुम्ही पाणी ओतून उतरवू शकत नाही. मग ट्रॉट-आउट. डॉक्टरांना घोडा सरळ रेषेत दुडक्या चालीने पळताना बघायचा असतो, तुम्ही पायी पुढे, घोडा बाजूला. हिला माणसाच्या बाजूने पळणं शिकवलेलंच नव्हतं. मी पळाले, ती उभी. डॉक्टर बिचारे समजूतदार होते, दोनदा संधी दिली. मी स्वतःच थांबते म्हणाले आणि पहिल्या फेरीनंतर स्पर्धेचं कार्ड परत दिलं. यावरही संस्थेच्या ऑफिसने नंतर मला पत्र धाडलं, घोडीच्या तंगाखाली सूज आली त्याचा खर्च भरा म्हणून. तंग त्यांचाच होता, खोगीरही त्यांचंच. असो, तो विषय वाढवत नाही, नाहीतर उत्तर तिकडेच जाईल.

तर तुमचं. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, मला एक रात्र होती. तीन आठवड्यांत दमसास तयार होत नाही, स्नायुबंध आणि हाडं कणखर व्हायला महिने लागतात. होते ती फक्त ओळख. त्यामुळे हा घोडा अरीनात का होईना पण रोज तास-दीड तास नियमित काम करत असेल तरच विचार करा. नुसता ठाणबंद (तबेल्यात बांधून) उभा असेल तर माघार घ्या, यात माझ्या दृष्टीने चर्चेला जागा नाही. माझं मत कडक वाटेल, पण ठाणबंद घोड्याला हरभरा चारून एकदम ४० किलोमीटर पळवलं तर त्याचे मागचे स्नायू धरतात, लघवी चहासारखी काळपट होते, आणि मग तो वाटेतच खिळतो. असं झालं तर एक पाऊलही चालवू नका, तिथेच डॉक्टर बोलवा. स्पर्धेच्या आधी खुराक वाढवायचा मोह बऱ्याच जणांना होतो, तुम्ही तो टाळा. विश्रांतीच्या दिवशी तर खुराक कमीच करतात.

काम करणारा असेल तर पहिल्या दिवसापासून बाहेर काढा. एका मुरलेल्या घोड्याबरोबर, घोळक्यात नको. कधी तो पुढे, कधी तुम्ही. मग जोडीदार पन्नास पावलं पुढे जाऊन परत येईल, मग वळणाआड जाऊन परत येईल. कंटाळवाणं आहे, पण व्हेट गेटची निम्मी तयारी याच खेळात होते. एखादा ओढा, कॅनॉलची फरशी, डबकं, जे मिळेल त्यातून रोज. शेतातलं फडफडणारं मल्चिंग पेपर, बाइक, कुत्री, बँडबाजा, ज्याला बुजेल त्याच्यापाशी उभं राहून त्याला बघू द्या. खरं सांगायचं तर धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारं एखादं भीमथडी तट्टू मिळालं असतं ना, मी कुमैत-बिमैत सोडून त्याच्यावर बसले असते. त्या तट्टाने पाठीवर बिऱ्हाड घेऊन नद्या, हायवे, बाजार सगळं पालथं घातलेलं असतं. पण स्टेबलवाल्यांना ते कमीपणाचं वाटतं.

हाताने ट्रॉट रोज दहा मिनिटं, कडक सपाट जमिनीवर, लगाम ढिला ठेवून. एखादी रात्र घोडा परक्या जागी बांधून बघा, काहींना नव्या जागेत झोपच येत नाही. साधा स्टेथोस्कोप घ्या, डाव्या कोपराच्या मागे लावून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. पंधरा सेकंदांत १६ म्हणजे ६४. त्याची उभ्या उभ्या नाडी किती, घाबरल्यावर किती, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा, त्या दिवशी अंदाज बांधत बसायला नको.

पाणी घरच्या बादलीतूनच द्या, ती बादली बरोबर न्या. कोंडा कालवलेलं पाणी पितो का हे आधी बघून घ्या. आणि पाणी न पिणाऱ्या घोड्याला इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पेस्ट तोंडात कोंबू नका, आधीच कोरडं पडलेलं शरीर आणखी बिघडतं. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही, हे सगळं पाहून आणि लोकांकडून शिकलेलं आहे, तेव्हा तुमच्या पशुवैद्यकांना विचारूनच करा.

खोगीर तुमच्या घोडीचं याच्या पाठीवर बसेलच असं नाही. दोन तासांच्या रपेटीनंतर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. मध्येच कोरडा डाग असेल तर तिथे बहुधा दाब जास्त पडतोय, पुढे पाठ लागणार. क्लबने लगाम दिला तर तोंडात काय जातंय ते बोट फिरवून तपासा. वरातीच्या घोड्यांना अजून काटेरी लगाम लावतात. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५ च्या नियमांनुसार त्याला बंदी आहे, तरीही. दिला तर तिथेच परत करा. शेपटीला लाल रिबन बांधायला लाजू नका, मागचे लोक अंतर ठेवतात.

कागदांचं म्हणाल तर घाई करा. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रासारख्या प्रयोगशाळेत नमुना जातो, उत्तर यायला वेळ लागतो. रोग माणसालाही होतो, त्यामुळे आयोजक यात सूट देणार नाहीत आणि देऊही नये. रिपोर्टवरचं वर्णन (रंग, कपाळावरची टिकली, पायाचे पांढरे मोजे) समोरच्या घोड्याशी जुळतंय का ते स्वतः पडताळा. आणि 'घोडा आवाराबाहेर काढायची परवानगी' ऑफिसकडून आजच लेखी घ्या, तारखेसकट. तोंडी 'हो हो, बघू' म्हणाले की समजा नाही म्हणाले. दोन दिवसांत ती मिळाली नाही, तर तिथेच सोडून द्या आणि फी बुडाली म्हणून विसरा.

निघालातच तर घड्याळाशी स्पर्धा नको. दुडकी साधारण ताशी १२-१३ किलोमीटरचा वेग देते, पायचाल सहाचा. दोन्ही मिळून सरासरी नऊ-दहा पडली तरी चार-साडेचार तासांत फेऱ्या होतात. कमाल वेळ किती आहे ते बघून उलटा हिशोब करा. सुरुवातीला सगळे सुटल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून निघा, वेळ जातो पण घोडा उधळत नाही.

नालांचं विचारलं होतंत ते राहिलंच. नाल स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी ठोकून घ्या, म्हणजे एखादा खिळा आत लागला असेल तर लंगड दिसायला आणि ते बरं व्हायला वेळ मिळतो. आदल्या दिवशी नालबंद बोलावणारे महाभाग मी पाहिलेत. आत्ताचे नाल घट्ट असतील आणि खूर फार वाढलेले नसतील तर त्यांना हातच लावू नका.