कोणी काही म्हणत नाही, म्हणजे माझे काम आवडले नाही का?

कार्यालयच नसलेल्या, पूर्णपणे रिमोट चालणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक काळजी हमखास असते. पगार चांगला आहे, प्रवासाची दगदग नाही, घरच्यांजवळ राहता येते. तरीही आपले काम कोणाला पसंत नाही आणि एखाद्या सकाळी आपले लॉगिनच बंद झालेले दिसेल, ही धास्ती मनातून जात नाही. ही काळजी कशी वाढते आणि तिच्यावर काय करता येते, हे नाशिकच्या एका 33 वर्षांच्या सॉफ्टवेअर अभियंता महिलेच्या अनुभवातून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्यास त्यांची संमती आहे.

त्यांनी बरीच वर्षे पुण्यात, हिंजवडीतल्या कार्यालयात काम केले होते. नंतर त्या एका अमेरिकी कंपनीत रुजू झाल्या आणि सासरी नाशिकला राहून काम करू लागल्या. त्यांचे वरिष्ठ कॅलिफोर्नियात. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. त्यामुळे दिवसभर खपून लिहिलेल्या मजकुराला उत्तर यायचे ते ऐन झोपेच्या वेळी, आणि ते येईपर्यंत फोन उशाशी असायचा. झोप तुटत होती, पण भूक आणि रोजचे व्यवहार ठीक होते, जीव नकोसा झाल्याची भावना नव्हती. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची गरज त्या वेळी वाटली नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला फोनवरचे एक उत्तर दाखवले. त्यांनी चार परिच्छेदांचा प्रस्ताव लिहिला होता आणि त्याखाली वरिष्ठांचे एवढेच शब्द होते: ‘पाहिले. पुढे जाऊ या.’ मी त्यांना वहीत दोन रकाने आखायला सांगितले. एकात प्रत्यक्ष जे लिहून आले तेच, शब्दशः, आणि दुसऱ्यात आपल्याला त्यातून काय वाटले ते. दुसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘माझे काम वरवरचे वाटले असणार, वेळ घालवायला नको म्हणून मला वाटेला लावले.’ पुढच्या आठवड्यात मी तिसरा रकाना जोडायला लावला: त्यानंतर त्या व्यक्तीने प्रत्यक्षात केले काय? वरिष्ठांनी तोच प्रस्ताव तिमाहीच्या नियोजनात जसाच्या तसा घेतला होता. हे त्यांना माहीत होते, पण रात्रीच्या त्या चार शब्दांशी त्याचा संबंध त्यांच्या मनाने जोडलाच नव्हता.

कार्यालयात आपल्याला दिवसभर न मागता पोच मिळत असते. जिन्यात भेटलेले साहेब मान डोलावतात, चहाच्या टेबलावर कोणी ‘काल मस्त झाले हो’ म्हणून जाते. रिमोट कंपनीत काम लेखी चालते, लगेच उत्तर द्यावे अशी अपेक्षाही नसते, आणि कामातल्या माणसाला थोडक्यात लिहिणे सोयीचे वाटते. मग मधली शांतता मन आपल्याच भीतीने भरून काढते. या क्षेत्रातल्या जाणत्या कंपन्यांनी हे ओळखले आहे. पूर्णपणे रिमोट चालणाऱ्या गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने आपली कार्यपुस्तिका सर्वांना वाचण्यासाठी खुली ठेवली असून, सहकाऱ्यांशी अनौपचारिक गप्पा आपोआप होणार नाहीत, त्या ठरवूनच घडवाव्या लागतात, असे तिच्यात मांडले आहे. तो भाग आम्ही एका भेटीत एकत्र वाचला. आपली अडचण हा स्वभावदोष नाही, हे त्यांना तिथे प्रथमच पटले.

मात्र त्यांची सगळीच भीती मनाचे खेळ होती, असे मी म्हणणार नाही. परदेशी कंपन्यांसाठी काम करणारे आपल्याकडचे अनेक जण कंत्राटावर असतात. त्यांना भविष्य निर्वाह निधी नसतो, भरपगारी रजेची खात्री नसते. याही कंत्राटावरच होत्या आणि नोटिशीची मुदत अगदी थोडी होती. अशा वेळी ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी करार वकिलाकडून समजून घेतला आणि पतीसोबत बसून काही महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज सुरू केली. खऱ्या धोक्याला खरा उपाय मिळाल्यावर उरलेल्या भीतीवर वहीचे काम सोपे झाले.

को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी माणसे भाड्याच्या सामाईक जागेत बसतात तिथे, बसायचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. कॉलेज रोडजवळच्या एका ठिकाणी त्या काही दिवस गेल्याही. एकटेपणाला त्याचा उपयोग होतो, पण या काळजीला फारसा होत नाही, असे माझे मत आहे; शेजारी बसलेल्या माणसाला तुमच्या कामातले काहीच ठाऊक नसते.

म्हणून वरिष्ठांनाच विचारायचे ठरले. आपण दुबळे दिसू, या भीतीने त्यांनी ते बरेच दिवस लांबवले. शेवटी दोन ओळी लिहिल्या: ‘तुमच्या छोट्या उत्तरांवरून काम योग्य दिशेने आहे की नाही, हे मला कळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा यावर बोलता येईल का?’ उत्तर आले की आपले कमी बोलणे हीच विश्वासाची खूण आहे, असे ते समजत होते. आता दर पंधरवड्याला आपल्याकडच्या रात्री साडेआठला कॉल असतो, त्यांच्याकडे सकाळचे आठ. हिवाळ्यात तिकडची घड्याळे मागे गेली की तो इथे साडेनऊला होतो. आणीबाणीसाठी ऑन-कॉलची, म्हणजे फोनवर हजर राहण्याची, पाळी कोणाची, हेही लेखी ठरले आणि इतर रात्री फोन दिवाणखान्यात राहू लागला.

घरात वेगळाच पेच होता. ‘दिवसभर घरीच तर असते’ म्हणून गॅसवाला, पाहुणे, बँकेची कामे सगळी त्यांच्याकडे यायची. एका भेटीला सासूबाई आल्या आणि त्यांनी मनापासून विचारले, ‘पण मग हिचा साहेब बसतो कुठे?’ त्यांनी सुनेचे काम कधी पाहिलेच नव्हते. मी सुचवल्यावरून त्या एका संध्याकाळी, सहकाऱ्यांना आधी सांगून, टीमच्या कॉलच्या सुरुवातीला सुनेशेजारी बसल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि उठून दार लोटून गेल्या. त्यानंतर गॅसवाल्याला दार उघडायचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. पाहुण्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही; त्यावर आता पतीने बोलायचे, असे ठरले आहे.