आदिवासी शेजाऱ्यांकडे बाळ झालंय. त्यांच्यात बारसं असतं का, आणि भेटायला जाताना काय न्यावं?

2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात साधारण दर चार माणसांमागे एक आदिवासी आहे. तरी शेजाऱ्याबद्दल 'त्यांच्यात असतं का' असं विचारावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. असतं. पण आम्हा कोकणा आदिवासींच्या घरी बारशापेक्षा पाचवी मोठी.

माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण नाशिक शहरात, सातपूरला झालं. थोरला भाऊ म्हणाला, पाचवी-बिचवी नको, बिल्डिंगमधले लोक हसतील. बाराव्या दिवशी हॉल घेऊ. आजी काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सुरगाण्याहून वणीमार्गे एसटीनं हजर! पिशवीत तांदूळ, नागली, नारळ आणि सोबत गावची सुईण. भाऊ चिडला. बाळ दवाखान्यात जन्मलं, हिनं हातही लावला नाही, मग हिचा मान कसला? आजी म्हणाली, "तुम्ही सगळी भावंडं हिच्याच हातावर आलात, त्याचा."

सुईणीनं बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातलं, पाटावर तांदळाच्या राशी मांडल्या, सटवाईला पुजलं, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतली. बाळ बुधवारचं, म्हणून आजीनं हाक मारली बुधा. सोमा, मंगळ्या, सुकऱ्या ही आमची नावं अशीच वारावरून आलेली. हॉलमध्ये भावानं मोबाईलवर शोधलेलं नाव ठेवलं, आणि सुईण बसली शेवटच्या रांगेत. ते मी विसरले नाही. जन्मदाखल्यावर भावानं शोधलेलं नाव आहे, पण पोरगा बुधा म्हटल्यावरच वळून बघतो.

तेव्हा शेजाऱ्यांनी पाचवीला बोलावलं तर नक्की जा. तांदूळ, नारळ, बाळंतिणीला साडी न्या. सुईण आली असेल तर तिच्यासाठीही एक लुगडं घ्या. चांदीचा वाळा बारशाला चालेल. आणि 'ही अंधश्रद्धा आहे' हे तिथं बोलू नका.

हे आमच्या घरचं सांगितलं. महादेव कोळी, वारली, ठाकर यांच्या रीती वेगळ्या, आम्हा कोकणा लोकांतही पाड्यागणिक फरक. आणि हो, बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, चिकाचं दूध पहिल्या तासातच पाजावं, नाळेला राख-तेल काही लावू नये. आमची सुईणसुद्धा आता हेच सांगते. माझा भाऊ मात्र अजूनही म्हणतो की दवाखाना आला म्हणजे सुईणीचं काम संपलं. बाळंतिणीला पाचव्या दिवशी न्हाऊ घालायला दवाखान्यातलं कोण घरी येतं, ते त्यानं सांगावं.