जुनी डीटीएच डिश वापरून मायक्रोवेव्ह बँडवरचा हॅम, म्हणजे हौशी, रेडिओ ऐकता येतो का, आणि कोणते साहित्य जुने घेतले तर चालते?

होय, ऐकता येतो. मी पुण्यात गच्चीवरच्या साठ सेंटीमीटरच्या जुन्या डिशवरच ऐकतो. कतारचा एस्हेल-२ हा भूस्थिर उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडण्यात आला आणि त्यावर हौशी रेडिओसाठी राखलेला ट्रान्सपाँडर (आलेला संदेश दुसऱ्या कंप्रतेवर परत पाठवणारे यंत्र) क्यूओ-१०० या नावाने ओळखला जातो. २४०० मेगाहर्ट्झवर पाठवलेली संभाषणे तो १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परत पाठवतो आणि डीटीएचच्या एलएनबीतील (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल घेणाऱ्या डबीतील) ९७५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (कंप्रता निर्माण करणारा भाग) ती ७४० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरवतो, जिथे आरटीएल-एसडीआर हा संगणकाला लावायचा स्वस्त रेडिओ डोंगलही पुरतो.

डिश, स्टँड आणि केबल भंगारातून खुशाल घ्यावी, मात्र एलएनबी नवा आणि पीएलएल प्रकारचाच (क्रिस्टलच्या आधारे कंप्रता स्थिर ठेवणारा) घ्यावा. मी आधी डिशसोबत आलेला जुना एलएनबी वापरला आणि आवाज सापडेपर्यंत त्याची कंप्रता सरकून जात असल्याने आठवडाभर डिशच हलवत बसलो. दोष डिशचा नव्हताच. नव्यातही २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची कंप्रता ३९० पटींनी वाढवली जात असेल, तर क्रिस्टल उन्हाने केवळ १० हर्ट्झ सरकला तरी ट्यूनिंग ३.९ किलोहर्ट्झने चुकते, आणि एक संभाषण जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद असते.

दिशा लावताना शेजारच्या डिशकडे पाहू नये. उपग्रह २५.९ अंश पूर्वेला असल्याने पुण्यातून तो नैर्ऋत्य-पश्चिमेला, सुमारे २५४ अंशांवर आणि क्षितिजापासून ३२ अंश उंचीवर येतो. ऑफसेट डिश (घरोघरी दिसते तशी, एलएनबी मध्याऐवजी खालच्या बाजूला असलेली) तेव्हा इतकी उभी दिसते की ती समोरच्या इमारतीकडे वळवली आहे असेच वाटते. या नॅरोबँड म्हणजे अरुंद पट्ट्यातले संदेश उभ्या ध्रुवीकरणात (लहरींच्या कंपनाची दिशा उभी) असले तरी आपल्या अक्षांशावर ते बरेच तिरके पोहोचतात, म्हणून एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू साठ-पासष्ट अंशांपर्यंत, दोन्ही बाजूंना, फिरवून पाहावा लागतो.

एलएनबीला लागणारे १३ व्होल्ट मी टाकून दिलेल्या सेट-टॉप बॉक्समधून घेतो. मध्ये असा स्प्लिटर जोडावा की ज्याच्या एकाच तोंडातून वीज एलएनबीकडे जाते, आणि डोंगल लावण्याआधी दुसऱ्या तोंडावर मल्टिमीटर धरून तिथे व्होल्टेज नाही याची खात्री करावी. हा अर्धा मिनिट वाचवण्याच्या नादात माझा एक डोंगल गेला आहे.

पट्ट्याच्या खालच्या टोकाला, १०४८९.५ वर, बीकनचा (ओळखीसाठी सतत पाठवल्या जाणाऱ्या संकेताचा) मोर्स अखंड चालू असतो. आधी तोच शोधावा. तो मिळाला की एसडीआर सॉफ्टवेअर बीकनला बांधता येते आणि सरकण्याचा त्रास बराचसा संपतो. बोलायचे असेल तर परीक्षा देऊन हॅम परवाना घ्यावा लागेल. तोपर्यंत फीडचे, म्हणजे एलएनबीचे डिशकडचे, तोंड मोकळे ठेवून उन्हापासून आडोसा म्हणून एलएनबीच्या पाठीवर श्रीखंडाचा रिकामा डबा बसवावा. माझ्याकडे दुपारचे सरकणे त्याने निम्म्यावर आले.